शिरगोळ्याचा खंडोबा

हुबळी-धारवाडला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न पेढ्यांचा येतो. आणलेत. ज्याला हवे त्याने येऊन न्यावेत. पण मी काही पेढ्यांसाठी गेले नव्हते. मी गेले होते पर्समध्ये खंडोबा घेऊन, आणि शेजारच्या सीटवर होती माझी सून केतकी, जी त्या पर्सला चुकूनही हात लावत नव्हती.

आमच्या घरात खंडोबाचा टाक आहे. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव, तळहातात मावेल एवढा. दिवाळीच्या आधी देव उजळायचे म्हणून सासूबाईंनी हे काम पहिल्यांदाच केतकीला दिलं. लग्न होऊन तिला जेमतेम काही महिने झालेले. पितळेला चिंच आणि चांदीला रांगोळी, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. पोरगी मन लावून बसली. काम नीट व्हावं म्हणून तिने जरा जास्तच जोर लावून घासलं, आणि टाक पुसून पाहिला तर खंडोबाचं तोंड गेलेलं. नाक नाही, डोळे नाहीत, मिशा नाहीत. नुसते आडवे ओरखडे. दारावर आलेल्या बाईकडून घेतलेली ती नवी, चमचमणारी रांगोळी आम्हा सगळ्यांनाच आवडली होती, सासूबाईंना तर फारच.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "याला आता तोंडच नाही, नैवेद्य कुणाला दाखवू?"

त्या दिवसापासून केतकी देवघरात गेली नाही. उदबत्ती संपली तर पुडा उंबऱ्यावर ठेवून मागे फिरायची. महिन्याभरात माझा मुलगा चाचरत म्हणाला, की पुण्याच्या बदलीला तो हो म्हणतोय, कारण केतकीला या घरात कशालाही हात लावायची भीती वाटते. मी भांडखोर बाई आहे, पण त्यावर मला भांडता आलं नाही. मला ती हवी होती. घरात माझ्याशी हुज्जत घालणारं, माझ्यासारखंच भराभर बोलणारं माणूस इतक्या वर्षांनी आलं होतं, आणि तेच आता गप्प झालं होतं.

नवा टाक का नाही घेतला, असं सगळे विचारतात. घेऊन झाला. सासूबाईंनी तो हातात धरून परत दिला. बाजारातल्या खंडोबाचा घोडा समोर बघतो, आमचा मान वळवून मालकाकडे बघतो. "हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे," म्हणाल्या. मग राहिला एकच मार्ग. फार पूर्वी घरातले दोन भाऊ वेगळे झाले, एक कोल्हापुरात राहिला, दुसरा कापडाचा धंदा घेऊन हुबळीला गेला. जाताना त्यांनी एकाच सोनाराकडून, एकाच ठशातून दोन टाक करून घेतले. त्या दुसऱ्यावरून साचा घेतला तर तोंड परत मिळणार होतं. चंपाषष्ठी तोंडावर आलेली. तिच्या आधी खंडोबाचे घट बसतात, आणि घटाला देव लागतो.

मी हुबळीला फोन केला. माझ्या चुलतदिरांनी, अण्णांनी, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या की." एवढंच.

केतकी यायला तयार नव्हती. मीच तिला ओढत नेलं.

दाजीबानपेठ

निपाणी सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माती हळूहळू काळी होत जाते, आणि धारवाडच्या अलीकडे तर डांबर कुठे संपलं आणि शेत कुठे सुरू झालं ते कळू नये इतकी काळी होते. त्यात कापूस फुटलेला. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मी खिडकी उघडत होते, लावत होते, आणि केतकी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होती.

दाजीबानपेठेत शिरलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. अरुंद रस्ता, दोन्हीकडे कापडाची दुकानं, पायऱ्यांवर इलकल साड्यांचे गठ्ठे, खणांचे ढीग, आणि त्यातून वाट काढणारे हमाल आणि रिक्षा. अण्णांचं दुकान खाली आणि घर वर. अण्णा गादीवर बसून एका गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होते. आम्हाला पाहून त्याच वाक्याच्या मधोमध मराठीत आले, आमची चौकशी केली, आणि पुन्हा कानडीत जाऊन साडीचा भाव पूर्ण केला. इथे सगळेच असं करतात. आपण चप्पल बदलून अंगणात जावं तितक्या सहज ही माणसं भाषा बदलतात.

वर अण्णांच्या बायको होत्या. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई, पण सगळी पेठ त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. सत्तरीच्या, काटक, हातात सदा काही ना काही काम. त्यांनी केतकीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी पर्स उघडून विषय काढायच्या आत ताटं मांडली. ज्वारीची पापडासारखी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि मधोमध तेलात चमकणारी भरली वांगी.

आता आमच्याकडे आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांची ती रीतच आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच वांगं खायचं. म्हटलं, अक्का, कुलदैवत तर एकच आपलं.

"हौद की," अक्का शांतपणे म्हणाल्या. हौद म्हणजे कानडीत हो. "पण हिकडं आलं की तो मैलार होतो. मैलाराला वांगी चालतात बगा. न चालून करतो काय, दुसरी भाजी कुठली आणायची?"

मी चटणी-दह्यावर जेवले. केतकीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन वांगी खाल्ली. दिवाळीनंतर तिला इतकं मन लावून जेवताना मी पाहिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

हात धुता धुताच मी टाकाचं विचारलं. अण्णा म्हणाले, आता दिवे लागले, या वेळी देवाला उठवायचं नाही, सकाळी बघू. मी म्हटलं, नुसता बघते. मी उठले, देवघराच्या दिशेने दोन पावलं टाकली. देवघराला लाकडी दारं होती आणि ती बंद होती. अण्णांनी मला हाताने बसायची खूण केली.

"सुम्न बसा की," म्हणाले.

सुम्न म्हणजे उगी, गप. नंतर दोन दिवस हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की ते आता माझं नाव झाल्यासारखे वाटतात. कारण मला सुम्न बसता येत नाही. लहानपणापासून नाही. वाट बघायची म्हटली की माझे तळपाय खाजतात.

बेलूर

सकाळी उठले तर अक्कांची पूजा आटोपलेली आणि देवघराची दारं पुन्हा बंद. अण्णा म्हणाले, आज महेशबरोबर धारवाड बघून या, देव कुठं पळून जात नाही. महेश त्यांचा मुलगा. धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका दगड दळायच्या गिरणीत तो कामाला आहे. मला धारवाड बघायचं नव्हतं. मला एक टाक बघायचा होता, आणि तो माझ्यापासून एका लाकडी दारापलीकडे होता. गाडीत बसल्याबसल्या माझ्या डोक्यात विचार सुरू झाले. विकला असेल का? मोडीत घातला असेल? हरवला असेल?

महेशला मी वाटेत आडून आडून विचारलं. त्याने आरशात माझ्याकडे बघितलं आणि गिरणीबद्दल बोलायला लागला.

ती गिरणी मात्र बघण्यासारखी होती. फाटकाच्या आत सगळं पांढरं. कडुनिंब पांढरा, पत्रे पांढरे, राखणीचा कुत्रा मुळात तपकिरी असावा, तोही पांढरा. कामगारांनी नाकातोंडाला फडकी बांधलेली. एका बाजूला बागलकोटकडून आलेल्या दगडांचे ढीग पडले होते, त्यातला एक धोंडा महेशने उचलून माझ्या हातात दिला.

"ओळखलासा काय काकू? शिरगोळा."

शब्द ऐकून मला माझी आई आठवली. ती रांगोळी म्हणायचीच नाही, शिरगोळ्याची पूड म्हणायची. मऊ पांढरा दगड, खलबत्त्यात घालून कुटायचा आणि फडक्यातून चाळायचा. महेशने तो फरशीवर आपटला. एरवी दगड वेडावाकडा फुटतो, पण हा फुटला तो नेमका तिरक्या डब्यांत, प्रत्येक तुकड्याच्या कडा सारख्याच कलत्या. महेश म्हणाला, आणखी फोडला तरी तसाच फुटणार, अगदी भुगा होईपर्यंत. एका कोनाड्यात त्याने एक पारदर्शक तुकडा जपून ठेवला होता. तो त्याने कानडी वर्तमानपत्रावर ठेवला, आणि खालच्या एका ओळीच्या दोन ओळी दिसायला लागल्या. केतकी वाकून बघत राहिली. मला एक खंडोबा मिळेना, आणि इथे प्रत्येक गोष्ट दोनदा दिसत होती.

मग त्याने आम्हाला चाळण्या दाखवल्या. जाड कणी कोंबड्यांच्या खाद्यात जाते, त्याने अंड्याचं कवच घट्ट होतं. त्याहून बारीक ती रांगोळी. त्याहून बारीक पूड भिंतीच्या रंगात, प्लॅस्टिकच्या नळांत, कागदात. आणि अगदी शेवटची, बोटाला लागली तरी कळत नाही इतकी मऊ, ती दंतमंजनात आणि औषधात. कोल्हापुरातल्या औषधांच्या दुकानात केतकी काम करते. ती तिथे पहिल्यांदा आपणहून बोलली. आंबट ढेकरांवरच्या चघळायच्या गोळ्यांत हेच असतं, आम्लाशी गाठ पडली की हे फसफसतं आणि आम्ल संपवतं, म्हणाली. मग तिने ओढणीच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढली. घरातल्या त्या चमचमत्या रांगोळीतली चिमूटभर तिने जपून आणली होती. मला याचा पत्ताही नव्हता.

महेशने चहाच्या टपरीवरून लिंबू आणवलं. गिरणीतल्या पुडीवर पिळलं तर ती फसफसून वर आली. केतकीच्या पुडीवर पिळलं तर ती जागची हलली नाही. नुसती ओली झाली. मग त्याने तीच पूड काचेच्या एका तुकड्यावर बोटाने घासली आणि काच उजेडाकडे धरली. काचेवर ओरखडे होते.

"गारगोटी," महेश म्हणाला. "हिच्यापुढं काच टिकत नाही, चांदी काय टिकणार?"

मी केतकीला म्हटलं, बघ, चूक रांगोळीची होती. मला वाटलं तिचा चेहरा उजळेल. ती म्हणाली, "पण हात माझाच होता ना, आई." आणि पुडी पुन्हा गाठीत बांधून टाकली. निघताना महेशने तिला सगळ्यात मऊ पुडीची एक पिशवी दिली. ती तिने घेतली, पण कशाला घ्यायची असा चेहरा करून.

सप्तापूर

दुपारी महेशने आम्हाला सप्तापूरला नेलं. विद्यापीठाच्या बाजूचा हा भाग. भाड्याच्या खोल्या, झेरॉक्सची दुकानं, झाडांखाली पुस्तकं काखेत घेऊन वाद घालणारी मुलं आणि त्यांच्याहून मोठ्याने वाद घालणारे प्राध्यापक. हुबळी जितकी घाईत तितकं हे निवांत. एका छोट्या हॉटेलात आम्ही गिरमिट खाल्लं, म्हणजे आपल्या भडंगाचा ओला, चिंच-गुळातला भाऊ. त्याच्याबरोबर मिरची भजी. वांग्याला नाही म्हणणारी मी, मिरचीला कशाला नाही म्हणेन? चार खाल्ली. थोड्या वेळाने छातीत अशी आग पेटली, की फुटपाथवरच्या एका कट्ट्यावर मला बसावं लागलं. केतकीने तिच्या स्वतःच्या पर्समधून गोळी काढून दिली. मी चघळत असताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू दिसलं.

"सकाळी हातात धरलात ना, तोच दगड खाताय," म्हणाली.

आग विझली. पण आतली दुसरी आग काही विझेना. महेश गाडी आणायला गेला तसं मी केतकीला मनातलं सगळं सांगून टाकलं. टाक यांच्याकडे नाहीच, यांनी तो विकून खाल्ला, म्हणून ही टोलवाटोलवी. आज संध्याकाळी मी सरळ देवघराचं दार उघडणार आहे.

ती कट्ट्यावर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "आई, ते लपवत नाहीयेत. लाजताहेत. दिवाळीपासून मीही असंच दार लावून बसलेय, मला ओळखू येतं. तुम्ही दार उघडू नका. आधी आपला टाक त्यांच्यासमोर ठेवा."

मला हे सुचलं नसतं. देव पर्समध्ये घेऊन आले होते, पण अजून कुणाला दाखवला नव्हता. त्यांचा आधी बघायचा आणि मग आपला काढायचा, असं माझं मनात ठरलं होतं. का, ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित मीही लाजतच होते.

पुन्हा दाजीबानपेठ

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळे चहाला बसले, तेव्हा मी रुमाल सोडून आमचा टाक अक्कांसमोर ठेवला. म्हटलं, हे असं झालंय.

अक्कांनी तो उचलला. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णा चहाच्या कपात बघत होते. अक्का उठल्या, देवघराची दारं उघडली, आणि त्यांचा टाक आणून आमच्या टाकाशेजारी ठेवला.

आमच्या खंडोबाला ओरखडे तरी होते. त्यांच्या खंडोबावर काहीच नव्हतं. वापरून वापरून साबणाची वडी होते तसा तो झाला होता. घोडा आहे हे कळत होतं ते माहीत होतं म्हणून. वर बसलेला देव म्हणजे नुसता एक उंचवटा, त्याच्यामागे म्हाळसा म्हणजे दुसरा. कुणी चूक केली नव्हती. दर अमावास्येला, दर सणाला, सासूने आणि सुनेने आणि तिच्या सुनेने अस्सल शिरगोळ्याने त्याला हळुवार घासलं होतं, आणि तो मऊ दगड चांदीला कधी ओरखडा न काढता सगळं तोंड घेऊन गेला होता.

अण्णा म्हणाले, "तुमचा फोन आला तवा आमी तिकडंच यायला निघालो होतो. तुमच्या टाकावरनं ठसा घ्यावा म्हणून. मग तुमीच असं सांगितलासा. काय बोलायचं, कळंना."

म्हणजे ते आमच्या भरवशावर होते आणि आम्ही त्यांच्या. मला हसू आलं आणि रडूही. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. संपलं सगळं, असं मला वाटलं. आता घरी जायचं, सासूबाईंना सांगायचं, आणि पोरांच्या बॅगा भरायच्या.

"या दोऱ्याचं काय?" केतकीने विचारलं.

त्यांच्या टाकाला आडवा लाल दोरा बांधलेला होता. अक्का म्हणाल्या, पाठीचा पत्रा सुटलाय. आत लाख भरलेली असते, म्हणजे चांदी चेपत नाही. ती वाळून कधीच पडून गेली. पत्रा पडू नये म्हणून दोरा बांधला.

"मागून कधी बघितलाय?"

अक्का दचकल्या. मीही दचकले. देवाची पाठ बघायची नसते. आमच्या घरात टाक पुसतानासुद्धा तो ताम्हनात तोंड वर करूनच ठेवतात, आणि पाठ पुसायची तर न बघता बोटांनी चाचपून. कोल्हापुरात आणि हुबळीत, इतक्या पिढ्या, वांग्यावरून आमचं जमलं नाही, पण या एका गोष्टीत दोन्ही घरं अगदी सारखी होती. टाक पत्र्यावर मागून ठोकून उठवतात, तेव्हा जे पुढे उंच असतं ते मागे खोल असतं, हे सोनार सांगेल. आम्हीही सांगितलं असतं, विचारलं असतं तर. पण ते देवाच्या बाबतीत कुणाच्या मनात आलं नाही.

"मी बघू?" केतकी म्हणाली.

तिने हात पुढे केला होता, पण अजून टाकाला लावला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात "नाही" आलं होतं. ते मी गिळलं.

"बघ," म्हटलं.

तिने दोरा सोडला. पत्रा बाजूला झाला. आतली चांदी काळी पडली होती, इतकी वर्षं तिला कुणी घासलंच नव्हतं. केतकी टाक उजेडाकडे धरून तिरका करत राहिली, आणि मग तिने बेलूरची ती पिशवी आणली. अक्कांकडे मैद्याची खळ मागितली. खळीत ती मऊ पूड मळून तिने कणकेसारखा घट्ट गोळा केला, टाकाच्या पोकळीत तुपाचं बोट फिरवलं, आणि गोळा अंगठ्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात दाबत बसवला.

टाक गच्चीवर उन्हात ठेवला. ते वाळेपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते मलाच ठाऊक. अण्णा दुकान उघडायचं विसरले होते. मी जिना चढून जाऊन बघत होते, उतरत होते. शेवटी अक्कांनी माझा पदर धरला आणि मला गच्चीच्या कठड्याखाली आपल्याशेजारी बसवलं. म्हणाल्या, "सुम्न बस ग बाई."

केतकीने टाक पालथा करून तळहातावर हलकेच ठोकला. पांढरा खंडोबा तिच्या हातात आला.

पुढच्या बाजूइतका तो ठसठशीत नसेल. पण घोडा होता, आणि तो मान वळवून मालकाकडे बघत होता. हातात तलवार होती. मागे म्हाळसा होती. घोड्याच्या पायाशी एक कुत्रा होता, जो आमच्या टाकावर आम्ही कुणी कधी पाहिलाच नव्हता. आणि देवाला तोंड होतं. मोठे डोळे, सरळ नाक, भरघोस वर वळलेल्या मिशा.

अक्कांनी तो हातात घेतला नाही. पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

"लग्न होऊन आले तवापासनं आंघोळ घालतेय ह्याला," म्हणाल्या. "मिशा हाईत ते आज कळलं."

अण्णा खाली वाकले आणि गच्चीतल्या गच्चीतच त्यांनी नमस्कार केला. मी केतकीकडे पाहिलं. तिच्या बोटांना, मनगटांना, कपाळालाही पांढरी पूड लागली होती, आणि ती रडत होती, पण दिवाळीत रडली होती तशी नाही. मी तिला जवळ घेतलं. मी असं सहसा करत नाही, त्यामुळे दोघींना जरा अवघडायला झालं.

दुपारी केतकीने अक्कांसाठी दुसरा खंडोबा काढला. पहिला घेऊन आम्ही अण्णांच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने मेणावर साचा घेतला. एका ठशातून पुन्हा दोन टाक होतील, दोन्ही घरांना एकेक, पण चंपाषष्ठीपर्यंत होणार नाहीत, असं त्याने स्पष्ट सांगितलं. निघताना अक्कांनी जेवायला वाढलं. पुन्हा वांगी होती. मी पुन्हा चटणी-दही खाल्लं. अक्कांनी आग्रह केला नाही, फक्त पेढ्यांच्या पुड्याबरोबर पिशवीत चार जांभळी, काटेरी देठांची वांगी घातली. म्हणाल्या, भरताला ने.

कोल्हापूर

सासूबाई हॉलमध्ये खुर्चीत बसल्या होत्या. केतकीने कापसात गुंडाळलेला पांढरा खंडोबा त्यांच्या हातात दिला आणि मागे सरकून उभी राहिली. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी तो बोटांनी बघितला. घोड्याच्या मानेवर बोट थांबलं. मग मिशांवर थांबलं. मी हुबळीची हकीकत सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. पांढरा खंडोबा त्यांनी देवघरात फळीवर ठेवायला सांगितला. घट मात्र जुन्याचाच बसेल, म्हणाल्या, ओरखड्यांसकट.

घट बसायच्या दिवशी सकाळी त्या स्वतः उठून देवघरात गेल्या. ताम्हनात जुना टाक ठेवला, पालथा, पाठ वर करून. असं त्यांना मी कधी करताना पाहिलं नव्हतं. शेजारी वाटीत बेलूरची पूड घेतली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या केतकीला हाक मारली.

"ये," म्हणाल्या. "घास. हळू."

केतकी आत गेली, पाटावर बसली. पुण्याचं काय ठरलं ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. तिने पुडीत बोट बुडवलं आणि पाठीच्या पत्र्यावरून ते गोल गोल फिरवायला लागली. सासूबाई तिच्या हाताकडे कान देऊन बसल्या होत्या. मी दाराशी, जमिनीवर बसले. तिचं काम होईपर्यंत मी उठले नाही, काही बोलले नाही, माझे तळपायही खाजले नाहीत. मग उठले आणि अक्कांची वांगी नीट कोरडी राहतील अशी परातीत पसरून ठेवली, षष्ठीच्या भरतासाठी.